छत्री कुणाची, डबा कुणाचा

"उनं का?"

"नै उनं!"

"आते?"

"उनं, उनं... गयं!"

उनं म्हणजे आलं, गयं म्हणजे गेलं. डिश बसवताना खान्देशातल्या धाब्यांवर, म्हणजे घरांच्या सपाट छपरांवर, हा संवाद किती वेळा झाला असेल याची मोजदाद नाही. एक जण वर छत्री धरून उभा, दुसरा जिन्यात निरोप्या म्हणून, आणि टीव्हीसमोर घरातला सगळ्यात खणखणीत आवाज. धुळ्याला माझ्या मामांकडे हा कार्यक्रम भर मे महिन्यात झाला, लोखंडी पाइपाला हात लावला की चटका बसेल अशा उन्हात. मामांनी दर महिन्याला रिचार्ज मारणं बंद केलं होतं, आता त्यांना दूरदर्शनची फुकटची फ्री डिश हवी होती. पाचकंदिलाकडच्या बाजारातून त्यांनी हजार-बाराशेचा एक डबा आणला. त्यावर कुठल्याच ओळखीच्या कंपनीचं नाव नव्हतं. (घरात सगळे त्याला ‘सेटअप बॉक्स’ म्हणतात, आणि मी दुरुस्त करणं कधीच सोडून दिलंय.) जुन्या कंपनीची छत्री तीच, वायर तीच, फक्त डबा परका.

छत्री हलवण्याआधीच त्या परक्या डब्याने एक गंमत केली. शोध सुरू करताच त्याने जुन्या कंपनीच्या वाहिन्यांची लांबलचक यादी पडद्यावर ओतली. नावं सगळी बरोबर. पण बहुतेक नावांपुढे डॉलरचं छोटं चिन्ह, आणि बटण दाबलं की काळा पडदा. मामा म्हणाले, "भाचा, याला नावं वाचता येतात, मग चित्र का दाखवत नाही? आणि चित्र दाखवायचंच नव्हतं तर नावं कुठून आणली याने?"

मी गंभीरपणे मान हलवली आणि चहा घेतला. शिकलेल्या भाच्यांची ही जुनी युक्ती आहे. उत्तर नीट समजायला मला पुढे काही महिने लागले. कळलं तेव्हा असं वाटलं की आपण सगळे एका प्रचंड चमत्काराखाली राहतो आणि त्याला ‘सिग्नल नाही’ एवढ्याच शब्दांत ओळखतो.

आधी छत्रीत काय पडतं ते पाहू. टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. तिथे एक फेरी पुरी करायला त्यांना पृथ्वीच्या एका गिरकीइतकाच वेळ लागतो, म्हणून ते आपल्याला एका जागी टांगल्यासारखे वाटतात. दूरदर्शनची फ्री डिश ज्यावरून येते तो जीसॅट-१५ पूर्व रेखांश ९३.५ अंशांवर आहे. जळगाव ७५.५ अंशांवर, म्हणजे उपग्रह आपल्या पूर्वेला आणि दक्षिणेलाही. हिशेब केला तर जळगावहून तो आग्नेय दिशेला, क्षितिजापासून सुमारे ५८ अंश वर दिसायला हवा. हात लांब करून मूठ वळली की तिची जाडी साधारण दहा अंश भरते. क्षितिजावर एकावर एक अशा जवळजवळ सहा मुठी रचा, तिथे तो आहे. अंतर सरळ रेषेत सुमारे ३६,६०० किलोमीटर. धुळ्याहून हेच कोन अर्ध्या-दीड अंशाने बदलतात, बस.

आता खान्देशातल्या कुठल्याही गल्लीत मान वर करून चाला. छत्र्यांची तोंडं सारखी नाहीत हे लक्षात येईल. टाटा प्लेचे उपग्रह ८३ अंशांवर, म्हणून तिची छत्री सगळ्यात दक्षिणेकडे वळलेली. डीटूएच ८८ वर, फ्री डिश आणि सन डायरेक्ट ९३.५ वर, डिश टीव्ही ९५ वर. एअरटेल १०८.२ वर, म्हणून तिची छत्री सगळ्यात पूर्वेकडे वळलेली असते. छत्रीवरचं नाव उन्हाने उडालेलं असलं तरी घरात कुणाची वर्गणी आहे, निदान कधीकाळी होती, हे रस्त्यावरून ओळखता येतं. मला हा छंदच लागलाय. ९३.५ आणि ९५ यांच्यातला दीड अंश वर आकाशात अकराशे किलोमीटरचा असतो. धाब्यावर तो साठ सेंटिमीटरच्या छत्रीच्या काठाशी जेमतेम नऊ मिलिमीटर भरतो. करंगळीच्या जाडीइतका धक्का, आणि आपण एका उपग्रहावरून दुसऱ्यावर. "उनं, उनं... गयं!" याचं सगळं कारण त्या नऊ मिलिमीटरांत आहे.

छत्रीला किती ताकद मिळते? ढोबळ गणित मांडलं तर एका वाहिनीगटाची जेवढी शक्ती साठ सेंटिमीटरच्या छत्रीवर पडते ती एका वॅटच्या लाख-कोटीव्या भागाच्या पटीत, असे दोन-तीन भाग. घरातला एलईडी दिवा नऊ वॅटचा. एवढ्याशा कणावर मालिकेतली सासू रडते, क्रिकेटमध्ये षटकार बसतो. ही लाट जेमतेम पावणेतीन सेंटिमीटर लांबीची, म्हणून मृगाच्या पहिल्या जोरदार सरीत पावसाचे थेंब तिला वाटेतच खाऊन टाकतात.

छत्रीसमोरच्या दांडीवर ती टोपीसारखी वस्तू असते, एलएनबी. ती या क्षीण लाटेला उचलते, वाढवते आणि वायरीतून खाली जाऊ शकेल इतक्या कमी कंपनांवर आणते. अकराशे कोटी कंपनं सेकंदाला असलेली लाट साध्या वायरीत दहा-वीस मीटरांत विरून गेली असती. एलएनबी ती एक ते दोन अब्जांच्या आसपास उतरवते. गंमत अशी की वायर एकच, पण निरोप दोन्ही बाजूंनी जातात. खालचा डबा त्याच वायरीतून वर वीज पाठवतो. तेरा व्होल्ट पाठवले तर एलएनबी उभ्या लाटा ऐकते, अठरा पाठवले तर आडव्या. ही भाषा कुठल्या कंपनीची खासगी नाही. म्हणून मामांच्या परक्या डब्याने जुन्या कंपनीच्या एलएनबीला "अठरा" म्हटलं आणि ती मुकाट्याने वळली.

इथे एक आडवळण घेतो, कारण ते खान्देशातल्या प्रत्येकाला फुकट पाहता येतं. वर्षातून दोनदा, मार्चच्या ११ तारखेच्या आणि ऑक्टोबरच्या २ तारखेच्या आसपास काही दिवस, सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. छत्रीला उपग्रहाबरोबर सूर्यही ‘ऐकू’ येतो आणि सूर्याचा गोंगाट जिंकतो. चित्र काही मिनिटं विस्कटतं. ऑक्टोबरात जळगावमध्ये हे १०८ अंशांच्या छत्रीला पावणेदहाच्या सुमारास होतं, ९३.५ च्या छत्रीला अकराला पाच-सात मिनिटं कमी असताना, आणि ८३ च्या छत्रीला पावणेबाराच्या आसपास. सूर्य एका कंपनीचं तोंड बंद करून पुढच्या कंपनीकडे जातो. ग्राहक सेवा केंद्राला त्या वेळी फोन करू नका, बिचाऱ्यांच्या हातात काही नसतं.

परत डब्याकडे. डब्यातला ट्यूनर वायरीतून आलेल्या लाटेतून आकड्यांची रांग बाहेर काढतो. ही रांग एकसारख्या गाठोड्यांत बांधलेली असते. प्रत्येक गाठोडं बरोबर १८८ बाइटांचं, आणि प्रत्येकाचा पहिला बाइट ठरलेला, ७१. डब्याला दर १८८ पावलांवर ७१ सापडत गेला की तो समजतो, पट्टी हाती लागली. मग प्रत्येक गाठोड्यावर तेरा बिटांचा पत्ता असतो, म्हणजे ८,१९२ पत्ते शक्य. हे अमक्या वाहिनीचं चित्र, हे तिचा आवाज, हे दुसऱ्या वाहिनीचं. टपाल कार्यालयातल्या वर्गीकरणासारखं काम, फक्त सेकंदाला वीस-पंचवीस हजार गाठोडी. हे सगळं डीव्हीबी नावाच्या युरोपीय मानकात बसवलेलं आहे. ते ठरवणारा प्रकल्प १९९३ साली सुरू झाला. भारतातल्या सगळ्या डीटीएच कंपन्या याच घराण्यातल्या. म्हणजे ट्यूनर म्हणून पाहिलं तर पाचकंदिलाचा डबा आणि बड्या कंपनीचा डबा चुलतभाऊ आहेत.

मामांचा दुसरा प्रश्न इथेच सुटतो. नावं कुठून आली? गाठोड्यांच्या रांगेत काही गाठोडी फक्त यादीची असतात, आणि ती सगळ्यांना वाचता येतील अशी उघडी ठेवावी लागतात. त्याशिवाय कंपनीच्या स्वतःच्या डब्यालाही काय कुठे आहे ते कळणार नाही. या यादीत प्रत्येक वाहिनीच्या नावाजवळ एक बिट असतो. शून्य असेल तर वाहिनी मोकळी, एक असेल तर कुलूपबंद. परक्या डब्याने तो ‘एक’ वाचला आणि त्याच्या चिनी कारखान्यातल्या कुणीतरी त्या जागी डॉलर छापायचं ठरवलेलं होतं. मामांनी पाहिलेलं ते चिन्ह म्हणजे आकाशातून आलेला एकच बिट.

कुलूपबंद वाहिनीचं चित्रही छत्रीत आलेलंच असतं. वर्गणी भरा वा न भरा, पूर्ण चित्र, पूर्ण आवाज, शेवटच्या बाइटापर्यंत, रात्रंदिवस तुमच्या धाब्यावर बरसत असतं. येत नाही ती किल्ली.

किल्लीची तऱ्हा फार देखणी आहे. चित्र विस्कटण्याची जगभरची एक सामाईक रीत आहे, १९९४ साली ठरलेली. तिची किल्ली ६४ बिटांची आणि ती दर काही सेकंदांनी बदलते. तुम्ही हे वाक्य वाचेपर्यंत एखादी किल्ली मेली असेल. चित्र अडखळू नये म्हणून किल्ल्यांची जोडी असते, सम आणि विषम. सम चालू असताना पुढची विषम किल्ली आधीच येऊन बसते, विषम चालू होताच नवी सम येते. रस्ता ओलांडणाऱ्या माणसाचे दोन पाय जसे. या किल्ल्याही त्याच वायरीतून, त्याच गाठोड्यांत येतात, फक्त दुसऱ्या कुलपात बंद करून. आणि ते दुसरं कुलूप उघडण्याची ताकद डब्यातल्या कार्डात असते, किंवा आता बहुतेक डब्यांत कार्डाशिवायच चिपमध्ये.

कार्डाला ती ताकद मिळते कशी, हे कळल्यावर मी खरोखर थक्क झालो. तुमच्या छत्रीतून उपग्रहाकडे काहीही जात नाही. तुम्ही आहात की नाही, टीव्ही चालू की बंद, उपग्रहाला पत्ता नसतो. तरीही धुळ्याच्या एका घरात रिचार्ज मारलं की त्याच घरातल्या वाहिन्या उघडतात. कंपनीचा संगणक एक छोटा निरोप तयार करतो: अमुक क्रमांकाच्या कार्डाला परवानगी द्या. तो निरोप उपग्रहावर चढतो आणि काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सगळ्या देशावर शिंपडला जातो. त्या कंपनीचा चालू असलेला प्रत्येक डबा तो ऐकतो, क्रमांक पाहतो, "माझा नाही" म्हणून सोडून देतो. एकटा त्या घरातला डबा थबकतो. एका घराला हाक मारायची तर अख्ख्या देशात दवंडी पिटावी लागते.

म्हणून तर रिचार्ज केल्यावर "बॉक्स चालू ठेवा, तीच वाहिनी लावून ठेवा" असं सांगतात. दवंडी ठरावीक वेळ फिरत राहते. आपला डबा त्या वेळी झोपलेला असेल तर आपलं नाव पुकारलं जाऊन निघून जातं.

आता मथळ्यातला मूळ प्रश्न, डबा कुणाचा. डब्यात दोन यंत्रं आहेत: एक पकडणारं, एक ओळखणारं. पकडणारं सगळ्यांचं सारखं. ओळखणारं मात्र ज्याचं त्याचं: डिश टीव्हीने नॉर्वेच्या कोनॅक्सचं कुलूप घेतलं, टाटा स्कायने (आजच्या टाटा प्लेने) एनडीएसचं, सन डायरेक्टने नेदरलँड्सच्या इर्देतोचं. मग ही दोन यंत्रं वेगवेगळी का विकत नाहीत? पकडणारं माझं मी आणीन, ओळखणारं कंपनीने द्यावं.

पूर्वी हे असंच होतं, आणि त्यात काही नवल वाटत नव्हतं. १९९१ मध्ये एशियासॅट-१ वरून स्टार टीव्ही सुरू झालं, १९९२ च्या ऑक्टोबरात झी आलं, आणि जळगाव-धुळ्याच्या गल्ल्यांतून विजेच्या खांबांवर केबलच्या वायरी चढल्या. केबलवाल्याने मोठी छत्री लावायची, सगळं एका वायरीत ओतायचं. ती वायर तुम्ही कुठल्याही टीव्हीला लावा. जुना टीव्ही कमी वाहिन्या धरणारा असेल तर बाजारातून एक कन्व्हर्टर आणा. पुढे संगणक आले तेव्हा जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या ठिकाणी टीव्ही ट्यूनरचे छोटे डबे मिळायचे. मॉनिटरला तो जोडला की केबल चालू. आमच्या होस्टेलच्या खोलीत एका ट्यूनरवर आठ जणांनी विश्वचषक पाहिलाय. मासिक वर्गणी एकाची, यंत्र भलत्याचं, आणि केबलवाल्याची काही हरकत नसे. कारण त्याचं कुलूप खांबावर होतं. पैसे थकले की तो शिडी लावून वर चढायचा आणि पिन उपटायचा. वर्षानुवर्षं भारतातलं हेच सगळ्यात प्रभावी कुलूप होतं, आणि ते बसवायला नॉर्वेला जावं लागलं नाही.

मग केबलही डिजिटल झाली. आधी चार महानगरं, मग मोठी शहरं, आणि तिसऱ्या टप्प्यात जळगाव-धुळ्यासह उरलेला शहरी भाग, मुदत ३१ डिसेंबर २०१५. खेडी चौथ्या टप्प्यात. कुलूप खांबावरून उतरून घरातल्या डब्यात आलं, आणि त्याबरोबर केबलवाल्याचा डबा ज्याचा त्याचाच झाला. केबल बदलली की डबा बदला. डीटीएच बदललं की छत्रीही बदला, निदान कंपनीचा माणूस तसं सांगतो.

ज्यांना यात काही वावगं वाटत नाही त्यांनी मोबाइल आठवावा. २००३ साली रिलायन्सने ५०१ रुपयांत हँडसेट हातात ठेवला तेव्हा अख्खा खान्देश त्यावर तुटून पडला होता. त्यात सिमकार्ड नव्हतं. फोन आणि वर्गणी एकाच लोखंडात ओतलेली. कंपनी सोडली की फोन म्हणजे कागदावर ठेवायचं वजन. आज कुणी असा फोन घेईल का? कुठलाही फोन घ्या, कुठलंही सिम घाला, कंपनी बदलायची तर नंबर न बदलता बदला. पकडणारं यंत्र आपलं, ओळखणारं नखाएवढं कार्ड कंपनीचं. डीटीएचचा डबा अजून त्या ५०१ रुपयांच्या जमान्यात बसलाय, असं माझं स्पष्ट मत आहे.

टीव्हीसाठी ‘सिम’ बनलेलंच नाही असंही नाही. युरोपात १९९७ सालीच त्याचं मानक ठरलं. त्या पत्त्याच्या जाड पानाएवढ्या वस्तूला कॅम म्हणतात. टीव्हीच्या मागे किंवा बाजूला एक चपटी खाच असते, आत अडुसष्ट पिना. कॅम त्यात सरकवायचा, कॅममध्ये कंपनीचं कार्ड. टीव्हीचा ट्यूनर कुलूपबंद गाठोडी कॅमकडे ढकलतो, कॅम उघडी करून परत देतो. युरोपीय संघाने पुढे ठरावीक आकारापेक्षा मोठ्या टीव्ही संचांना अशी खाच सक्तीची केली. अमेरिकेने १९९६ च्या दूरसंचार कायद्यात हाच विचार मांडला, केबलकंपन्यांना कार्ड द्यायला लावलं, आणि लोक स्वतःचे ट्यूनर घेऊन एकाच ठिकाणाहून घरभर टीव्ही वाटू लागले. पण कंपन्यांनी ते कार्ड कधी मनापासून दिलं नाही, आणि २०२० मध्ये ती सक्ती उठली. सावत्र मुलाला वाढलेल्या जेवणासारखी ती सोय होती.

आपल्याकडे? सुखद धक्का असा की आपल्याकडे हे कागदावर पहिल्या दिवसापासून आहे. केंद्र सरकारने १५ मार्च २००१ ला डीटीएचसाठी जी नियमावली काढली तिच्यातच म्हटलंय की डबा खुल्या रचनेचा हवा, एका कंपनीचा दुसऱ्याकडे चालेल असा. म्हणून अनेक डब्यांना ती खाच असे. मामांचा जुना डबा मी उलटा करून पाहिला. खाच होती. आत मुंगीने घर केलं होतं.

खाच आहे, पण तिच्यात घालायचा कॅम दुकानात मागितला तर दुकानदार तुमच्याकडे असा पाहतो की जणू तुम्ही घोड्याचा नाल मागितलाय. कारण हिशेबात आहे. कॅमची किंमत जवळपास अख्ख्या डब्याइतकी पडते, आणि डबा तर कंपनी सवलतीत देते, म्हणजे आपला तोटा वर्गणीतून भरून काढण्याच्या आशेवर. तो डबा तुम्ही शेजारच्या कंपनीकडे घेऊन गेलात तर तिचं गणित कोलमडतं. कंपन्यांची दुसरी बाजूही पूर्ण खोटी नाही. बाजारातल्या काही डब्यांनी एका कार्डाच्या किल्ल्या इंटरनेटवरून शंभर घरांत वाटण्याचा धंदा केला. म्हणून तर २००८ नंतरच्या कॅममध्ये कॅम आणि टीव्ही यांच्यातली वाटही कुलूपबंद केली गेली. शिवाय चित्र येईना की ग्राहक फोन कंपनीलाच करतो, डबा कुणाचाही असो.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, ट्रायने, यावर वर्षं घालवली आणि ११ एप्रिल २०२० ला शिफारस केली: देशातला प्रत्येक डबा कंपनीनिरपेक्ष चालावा, आणि त्यासाठी जुन्या मोठ्या खाचेऐवजी यूएसबीला जोडायची छोटी कळ वापरावी. तारीख पाहा. देश टाळेबंदीत घरात बसून टीव्हीच पाहत होता. पण ती शिफारस अजून आपल्या गोलाणी मार्केटपर्यंत पोहोचलेली मला दिसली नाही.

मधल्या काळात एक वेगळा प्रयत्न आपल्या शेजारी झाला. औरंगाबादच्या, आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, धूत कुटुंबाच्या व्हिडिओकॉनने डीटूएच ही स्वतःची डीटीएच सेवा काढली आणि तिचा ट्यूनर आत बसवलेले टीव्हीच विकले. डबा नाही, रिमोट एकच. दिसायला सुटसुटीत. पण त्यात कुलूप टीव्हीच्या पोटात गेलं. घर सोडणाऱ्याने भिंतही घेऊन जावी तसं ते होतं. मला ही उलटी दिशा वाटते. पुढे डीटूएच २०१८ मध्ये डिश टीव्हीत विलीन झाली.

आणि मग येते मामांची फ्री डिश. दूरदर्शनने १६ डिसेंबर २००४ ला डीडी डायरेक्ट प्लस सुरू केलं तेव्हा तेहतीस वाहिन्या होत्या, वर्गणी शून्य. वाहिन्यांना कुलूपच नाही, म्हणून ओळखणारं यंत्र लागत नाही, म्हणून डबा कुणाचाही चालतो. त्या एका निर्णयाने गल्लोगल्लीच्या दुकानदारांना, अनामिक कारखान्यांना, पत्र्याच्या टपरीत एलएनबी विकणाऱ्यांना बाजार उघडून दिला. पैसा येतो तो उलट्या बाजूने: प्रेक्षक देत नाही, वाहिन्या जागेसाठी लिलावात बोली लावतात. फक्त मराठी, शेमारू मराठीबाणा अशा वाहिन्याही या वाटेने खेड्यापाड्यांत शिरल्या. आज फ्री डिशची घरं चार कोटींच्या पुढे असल्याचं सांगितलं जातं. ग्राहकांची यादीच नसल्यामुळे हा अंदाजच असणार. दवंडी नाही, तर नावं कुणाकडे असणार?

यापुढचं पाऊल डब्याशिवायचं आहे. भारतीय मानक ब्यूरोने उपग्रह ट्यूनर आत असलेल्या टीव्हीसाठी आयएस १८११२ हे मानक काढलं आणि जानेवारी २०२३ मध्ये ते जाहीर झालं. छत्रीची वायर थेट टीव्हीत घाला, मोकळ्या वाहिन्या पाहा. वर्गणीच्या वाहिन्यांसाठी कुलपाचा प्रश्न तसाच राहतो, पण पकडणारं यंत्र एकदाचं घरमालकाचं होईल. नवा टीव्ही घेताना दुकानात हा प्रश्न विचारायला हरकत नाही. विचारणारे वाढले की दुकानदारही घोड्याच्या नालासारखं पाहणं थांबवतात.

मामांना मी हे सगळं दिवाळीत सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे ती सगळी चॅनलं अजूनही आपल्या धाब्यावर पडतायत?" हो म्हटलं. ते उठून वर गेले आणि छत्रीकडे बराच वेळ पाहत राहिले, उधारी ठेवणाऱ्याकडे पाहावं तसे.

तुमच्याही धाब्यावर बंद पडलेल्या वर्गणीची छत्री गंजत असेल तर ती भंगारवाल्याला किलोच्या भावाने देऊ नका. कंपनीने ती भाड्याने दिली होती की तुमच्या मालकीची आहे एवढं आधी पाहून घ्या. मालकीची असेल तर फ्री डिशसाठी बाजारातला साधा एमपीईजी-४ डबा आणा, दोन नट सैल करा, एकाला जिन्यात आणि एकाला टीव्हीसमोर उभं करा. जळगाव असो की धुळे, आग्नेय दिशा, ५८ अंश. छत्री स्वतः मात्र त्याहून बरीच उभी दिसेल, कारण एलएनबी तिच्या मधोमध नसून खालच्या बाजूला असते. ते पाहून घाबरू नका, आणि एका वेळी नऊ मिलिमीटरपेक्षा जास्त हलवू नका.